धाव

“आहे तोच साइज टाकू, की सतरा करू?” टायरवाल्या दादांनी विचारलं आणि उत्तरासाठी न थांबता ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. मलाही घाई नव्हती. माझी गाडी जॅकवर चढवलेली होती, चारही चाकं काढून भिंतीला टेकवलेली. चाकं काढलेली गाडी पाय पोटाशी घेऊन बसलेल्या जनावरासारखी दिसते. सहा वर्षांत टायर पार गोटा झाले होते, नक्षी नावालाही उरली नव्हती. पाऊस तोंडावर होता आणि आईला गावी सोडायचं होतं.

दुकानाच्या आतल्या भिंतीवर मॅगव्हील टांगलेले होते. भांड्यांच्या दुकानात परातींची रांग असावी तसे. कुणी चांदीसारखा, कुणी काळाभोर, कुणाच्या काड्या कुयरीसारख्या वळलेल्या. लेक माझ्याबरोबर आली होती. तिची नजर पहिल्यापासून सतरा इंचीवर खिळलेली. “बाबा, गाडी एकदम वेगळी दिसेल,” ती म्हणाली. खरंच होतं ते. दादांनी त्यातला एक व्हील खाली काढून गाडीच्या पुढच्या कमानीत नुसता धरून दाखवला, तेव्हा मलाही ते पटलं. कमान भरल्यासारखी वाटली. माझ्या गाडीचं साधं पंधरा इंची लोखंडी चाक, ज्याला दुकानात सगळे ‘डिस्क’ म्हणतात, त्याच्यापुढे अगदीच अंग चोरून बसल्यासारखं दिसत होतं.

तेवढ्यात दुकानातला पोरगा गोदामातून एक नवा टायर घेऊन आला. उचलून नव्हे, पळवत. तळहातानं एक थाप, मग दुसरी, आणि टायर आपला गुमान त्याच्यापुढे धावतोय. दारातल्या उंबऱ्यावर टायर जरासा दबला, उडाला आणि पुढे गेला. पोरानं त्याच्याकडे बघितलंही नाही. मी मात्र बघत राहिलो, कारण ही थाप माझ्या ओळखीची होती.

आमच्या माण तालुक्यातल्या गावात खेळणी विकत आणायची पद्धत नव्हती. पोरांकडे असायची ती चाकं. त्यात दोन जाती होत्या. काहींकडे सायकलची जुनी रिम असायची, तारा काढून टाकलेली. तिच्या खाचेत काठी घालायची आणि पळत सुटायचं. काहींकडे टायर असायचा, सायकलचा किंवा नशीब जोरावर असेल तर स्कूटरचा. तो हातानं थापटत पळवायचा. रिमवाल्याचा रुबाब मोठा. रिम चमकायची, वाजायची. सगळ्या आळीला कळायचं की स्वारी निघाली. टायरवाला मुकाट पळायचा. पण गावाबाहेर ओढ्याकडे उतरणारी वाट लागली, की खेळ पालटायचा. खडकाळ वाट ती. प्रत्येक गोट्यावर रिम खणखणून उसळायची, काठी खाचेतून निसटायची, मनगटाला झिणझिण्या यायच्या. टायर त्याच गोट्यावरून नुसता डुलत जायचा. माझ्याकडे रिम होती. तिच्या घेरात हळूहळू पोचे पडत गेले आणि एक दिवस ती पळेनाशी झाली. भावाकडे टायर होता. तो त्याच्यानंतर शेजारच्या पोरानं वापरला.

त्या वयात एवढंच कळलं होतं की, लोखंड गोट्याशी भांडतं आणि रबर त्याला वाट देतं. पुढे गाड्या चालवल्या, भाड्याच्या आणि स्वतःच्या, पण चाकाचा विचार असा कधी केला नव्हता. तो त्या दिवशी दुकानातल्या स्टुलावर बसल्या बसल्या सुरू झाला.

टायरच्या अंगावर त्याची कुंडली लिहिलेली असते. माझ्या टायरवर लिहिलं होतं, १८५/६५ आर १५. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा टक्केवारी, म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतची रबराची उंची रुंदीच्या किती टक्के आहे. ‘आर’ म्हणजे रेडियल, आतले धागे मध्यापासून बाहेर किरणांसारखे टाकलेले. शेवटचा पंधरा हा रिमचा व्यास, इंचांमध्ये. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापं सुखानं नांदताना मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाहीत. दादांनी सुचवलेला टायर होता २०५/४५ आर १७. मी बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२० मिलिमीटर आणि वर चिमूटभर. ही उंची वर एकदा आणि खाली एकदा. मध्ये पंधरा इंचांची रिम, म्हणजे ३८१ मिलिमीटर. सगळं मिळून ६२१. मग सतराचं केलं. २०५ चे ४५ टक्के ९२, दोनदा. मध्ये ४३२ ची रिम. बेरीज आली ६१६.

मी पुन्हा बेरीज केली. तीच आली. सतरा इंची म्हणून ज्याचं कौतुक चाललं होतं, ते चाक माझ्या पंधरा इंची चाकापेक्षा पाच मिलिमीटरनं लहान भरत होतं.

दादांना कागद दाखवला. “अहो, तसंच असतं ते,” ते म्हणाले. “बाहेरून घेर तोच ठेवावा लागतो. नाहीतर स्पीडोमीटर चुकतो, टायर कमानीला घासतो.” त्यांच्या दृष्टीनं यात नवल काहीच नव्हतं. मला मात्र ते नवल दिवसभर पुरलं. बाजारात ज्याला मोठं चाक म्हणतात ते मोठं नसतंच. कमानीतली जागा ठरलेली आहे, रस्त्यापासूनची उंची ठरलेली आहे, घेर ठरलेला आहे. त्या ठरलेल्या घेरात धातू किती आणि हवा किती, एवढंच आपण निवडतो. रिम दोन इंचांनी वाढली, की ते दोन इंच हवेतून कापून घेतले जातात. माझ्या टायरचा काळा गाल १२० मिलिमीटरचा, म्हणजे वीतभर नाही, पण चार बोटांना दीडपट म्हणता येईल एवढा. सतराचा गाल ९२ चा. रस्ता आणि माणूस यांच्यामध्ये जी मऊ जागा असते, तिच्यातला जवळजवळ चौथा हिस्सा गेला.

खऱ्या अर्थानं मोठं चाक मी पाहिलंय ते आबांच्या बैलगाडीचं. आमच्या आजोबांना आम्ही आबा म्हणायचो. त्या चाकाशी उभं राहिलं, की माझं कपाळ त्याच्या वरच्या कडेला लागायचं. मध्ये जाडजूड तुंबा, त्यातून निघालेले बारा आरे, आणि आऱ्यांच्या टोकांना जोडून घेर पुरा करणारे बाभळीचे वाकडे तुकडे, पुठे. त्या सगळ्या लाकडाला बाहेरून आवळून धरणारी लोखंडी पट्टी म्हणजे धाव. चाकाच्या लोखंडालाच धाव म्हणणारी ही भाषा मला फार आवडते. चाक उभं असलं तरी त्याच्या अंगावर धाव असतेच.

धाव चढवायचा दिवस म्हणजे सगळ्या वस्तीला सण. सुतार आणि लोहार दोघं त्या दिवशी एकत्र यायचे. लोहारानं पट्टी वाकवून, जोडून गोल केलेली असायची, आणि तिचा घेर चाकापेक्षा जाणूनबुजून थोडा कमी ठेवलेला असायचा. मी आबांना विचारलं होतं, लहान कडं मोठ्या चाकावर बसणार कसं? ते म्हणाले, “बघ तू.” गोवऱ्यांच्या गोल ढिगात ते कडं पुरलं जायचं आणि विस्तव पेटवला जायचा. बराच वेळ नुसता धूर. मग राखेखालून कडं आधी काळपट आणि नंतर जास्वंदीसारखं लाल दिसू लागायचं. तिघं जण तिकडून, तिघं इकडून सांडशीनं ते उचलून धावत आणायचे आणि जमिनीवर आडव्या ठेवलेल्या चाकावर अलगद टेकवायचे. तापून ते वाढलेलं असायचं, तेवढ्याच क्षणापुरतं चाकाला येणारं. लाकूड भसकन पेटायचं. घणाचे ठोके पडायचे, कुणी ओरडायचं, ‘पाणी, पाणी’, आणि बायका घागरींनी पाणी ओतायच्या. पांढऱ्या वाफेत सगळं दिसेनासं व्हायचं. त्या वाफेतून एक आवाज यायचा, तो माझ्या कानात अजून आहे. कडकड, कडकड. थंड होणारं लोखंड आकसत होतं आणि आकसताना आरे तुंब्यात आणि पुठ्यांत रुतवत होतं. वाफ विरली की चाक एकजीव झालेलं असायचं. ना खिळा, ना सरस.

ते चाक एवढं उंच का, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. विचारायचं सुचलंही नाही. आज कळतं. त्याच्याकडे हवा नव्हती. अंगावर लोखंड, खाली खडक, मध्ये मऊ असं काहीच नाही. मग उंचीनंच काम भागवायचं. वीतभर दगड दोन फुटी चाकासमोर भिंतीसारखा उभा राहतो. पाच फुटांच्या जवळ जाणाऱ्या चाकाला तो चढासारखा लागतो. ओढ्यातला गाळ, शेताचा बांध, गाडीवाटेच्या चाकोऱ्या, सगळं त्या उंचीच्या हिशेबानं पार व्हायचं. आणि उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल झाली, की आबा चाकं काढून ओढ्याच्या डोहात टाकायचे. दोन दिवसांत लाकूड पाणी पिऊन फुगायचं आणि धाव पुन्हा घट्ट. आम्ही पोरं त्या बुडालेल्या चाकांच्या आऱ्यांतून पोहायचो.

हवेचं चाक आलं ते नंतर आणि फार लांबून. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसानं १८४५ मध्येच हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं, पण तेव्हा ते फारसं चाललं नाही. पुढे १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी ती गोष्ट पुन्हा शोधली. डनलॉप हे गुरांचे डॉक्टर. पोराच्या तिचाकीला धक्के बसतात म्हणून त्यांनी रबराची नळी करून तिच्यात हवा भरली आणि ती चाकावर गुंडाळली. एका बापाच्या त्या खटपटीतून पुढचं सगळं रामायण घडलं. यातली एक गोष्ट नेहमी माझ्या मनाला लागते. गुरांच्या त्या डॉक्टरचं नाव आमच्याकडे पोचलं ते बैलांच्याच गाडीवर बसून. रबरी चाकांच्या बैलगाडीला गावोगावची माणसं ‘डनलॉप’ म्हणू लागली. आता ती बहुतेक टायरगाडी झाली आहे. आबांनी मात्र अखेरपर्यंत लाकडी चाकंच ठेवली. टायरगाडीची चाकं त्यांच्या कमरेलाही लागत नसत, म्हणून त्यांना ती गाडीच वाटत नसे.

हिवाळ्यात फलटणच्या रस्त्यानं गावी जाताना उसानं लादलेल्या या टायरगाड्यांची रांग लागते. बीडकडची माणसं, पहाटेपासून तोडलेला ऊस, वर बसलेलं लेकरू, आणि बैल. चाकं लहान, पण हवेची, म्हणून त्याच बैलजोडीमागे आबांच्या गाडीला झेपला नसता एवढा माल लादतात. दोन टनांच्याही पुढे. हवेनं ओढणं हलकं केलं, आणि हलकं झालं म्हणून माणसानं ओझं वाढवलं. चढावर त्या बैलांचे गुडघे टेकताना मी पाहिले आहेत. गाडी बाजूला घेऊन थांबण्यापलीकडे मला काही करता आलेलं नाही. हे चाकाच्या विषयाबाहेरचं आहे असं कुणाला वाटेल. मला वाटत नाही.

मोटारींचं चाक तर माझ्या डोळ्यांदेखत लहान झालं आणि पुन्हा फुगलं. अँबॅसिडरची रिम पंधरा इंची, कुर्ल्याला बनणाऱ्या फियाटची चौदा. दोन्हींचे टायर अरुंद आणि गालानं भरलेले. १९८३ साली मारुती आली ती बारा इंची चाकांवर. वडिलांच्या मित्रानं घेतलेली पांढरी मारुती पहिल्यांदा बघायला आम्ही सगळे गेलो होतो, तेव्हा आईनं विचारलं होतं, “एवढ्याशा चाकांवर एवढी माणसं बसायची?” बसली. अख्खा महाराष्ट्र त्या बारा इंचांवरून लग्नाला, देवाला आणि दवाखान्यात गेला. त्याच्या कितीतरी आधी, १९५९ साली, इंग्लंडात ॲलेक इसिगोनिस यांनी आखलेली मिनी नावाची गाडी आली. माणसांना जास्तीत जास्त जागा मिळावी म्हणून त्यांनी चाकं दहा इंचांवर आणली. चाकानं जागा सोडली आणि ती माणसाला दिली. लहान चाकामागचा हा विचार मला मोठा वाटतो.

आता वारं उलटं आहे. गाडी कागदावर आखताना चाकं भली थोरली काढायची, ही चित्रकारांची जुनी रीत; आजकाल गाड्या त्या चित्रांसारख्या बाहेर येऊ लागल्या आहेत. त्याच गाडीचा स्वस्तातला प्रकार पंधरावर, महागातला सोळा-सतरावर. लोकांनाही तेच हवं असतं, आणि त्यात नुसता दिखावा आहे असं मी म्हणणार नाही. रिम मोठी असली की आत मोठी ब्रेकची चकती बसते. गाल उथळ असला की वळणावर टायर कमी झुकतो, स्टिअरिंग फिरवलं की गाडी तत्काळ ऐकते. दिवे घाटाच्या वळणांवर एका मित्राची सतरा इंची गाडी मी चालवली आहे. रुळावरून जावी तशी ती जाते. रस्ता जर घाटातल्यासारखा गुळगुळीत असेल आणि गाडीत मी एकटा असेन, तर ते सुख नाकारावं असं त्यात काहीच नाही.

पण रस्ता तिथे संपत नाही. सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, फलटण, मग मोगराळे घाट आणि मग दहिवडी. तिथून पुढे फाटा, आणि फाट्यापासून आत आमचं गाव. त्या शेवटच्या तुकड्यावर डांबर कधी असतं, कधी त्याची आठवण.

तीन वर्षांपूर्वी यात्रेला जाताना भावाच्या गाडीचं तिथेच झालं. त्यानं हौसेनं सतरा इंची मॅग घातले होते, फार देखणे. रात्रीचे नऊ, आदल्या दिवशी पाऊस झालेला, आणि पाण्यानं काठोकाठ भरलेला खड्डा अंधारात सपाट रस्त्यासारखाच दिसतो. धाड असा आवाज झाला. काही पावलं गेलो आणि गाडी डावीकडे बसली. उतरून बॅटरी मारली तर टायरच्या गालावर हातभर चीर, आणि मॅगच्या कडेला केसासारखी रेघ. खड्ड्याच्या काठानं टायर दाबत नेऊन रिमवर आपटला होता. मध्ये दबायला पुरेसं रबरच नव्हतं. सकाळी फाट्यावरचा पंक्चरवाला आला. त्यानं रेघेवर अंगठा फिरवला, आणि मान हलवली. “डिस्क असती तर घणानं ठोकून सरळ करून दिली असती, दादा. हे फुटतं. आणि हा टायर इकडं मिळायचा नाही.” तो साताऱ्याहून आणावा लागला आणि त्यात यात्रेचा दिवस गेला.

त्या रात्री आम्हाला घरापर्यंत नेलं ते स्टेपनीनं. स्टेपनी हा शब्द आपण इतका आपला केला आहे की, तो कुठून आला हे मनात येत नाही. वेल्समधल्या लॅनेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. १९०४ मध्ये तिथल्या डेव्हिस बंधूंनी मोटारीसाठी जादा चाक बनवून विकायला सुरुवात केली, कारण तेव्हा गाडीबरोबर जादा चाक मिळतच नसे. त्या रस्त्याचं नाव त्यांच्या चाकाला लागलं आणि ते आमच्या फाट्यावरच्या पंक्चरवाल्याच्या तोंडी येऊन राहिलं. त्या रात्री डिकीतला गालिचा उचलून आम्ही स्टेपनी काढली, तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की, ती पंधरा इंची आहे. साधी काळी लोखंडी डिस्क, उंच गालाचा टायर. भावाला विचारलं. तो म्हणाला, स्टेपनी आहे तीच राहू दिली. नंतर चौकशी केली, तेव्हा कळलं की, कंपन्यासुद्धा पुष्कळ गाड्यांना हेच करतात. दिसणारी चार चाकं मोठ्या रिमची, आणि डिकीत झाकलेलं पाचवं लहान रिमचं. स्वस्त पडतं म्हणून करत असतील. पण अडचणीच्या रात्री कामाला आलं ते तेच, एवढं मी पाहिलं आहे.

गाडीच्या मागच्या सीटवर त्या रात्री आई होती. ती त्या धक्क्याबद्दल काही बोलली नाही. पण घरी उतरताना तिनं दाराची कड धरली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. तिच्या कमरेतले दोन मणके झिजलेले आहेत. प्रवासात तिची एक सवय मी वर्षानुवर्षं आरशातून बघतो आहे. गतिरोधक दिसला की माझ्या पायानं ब्रेक दाबायच्या आधीच तिचा उजवा हात सीटवर टेकतो आणि ती स्वतःला दोन बोटं वर उचलून धरते. गाडी पार झाली की हात सुटतो. रस्ता माझ्यापेक्षा तिला जास्त पाठ आहे, कारण तो तिच्या अंगावरून जातो. टायरमधली हवा आणि खालची स्प्रिंग जे सोसत नाहीत, ते शेवटी कुणाच्या तरी पाठीनं सोसायचं असतं. चालवणाऱ्याच्या हातात निदान स्टिअरिंग असतं, पुढचं दिसत असतं. मागे बसणाऱ्याला धक्का न सांगता येतो.

“मग काय करायचं, सर?” दादा परत आले होते.

“आहे तोच. पंधरा.”

लेकीचा चेहरा जरा उतरला. तिला मी समजावत बसलो नाही. बिलामागचा कागद तिच्या हातात दिला. तिनं बेरीज बघितली, मोबाइलवर करून पाहिली, आणि मग टायरच्या गालावर चार बोटं आडवी ठेवून मोजू लागली. “म्हणजे हे सगळं हवाच आहे?” ती म्हणाली. हो, हवाच. एवढी गाडी, तिच्यातली माणसं, डिकीतली गव्हाची पोती, हे सगळं वजन तळहाताएवढ्या चार ठिपक्यांवर उभं असतं, आणि त्याला पेलून धरते ती आतली हवा.

पोरानं टायर चढवायच्या आधी मी प्रत्येकाच्या गालावरचे तारखेचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर नवा दिसत असला तरी रबर पडून पडून म्हातारं झालेलं असू शकतं, म्हणून घेताना एवढं जरूर बघावं. त्यानं मशिनवर चाक फिरवून बॅलन्सिंग केलं, बोटाच्या पेराएवढी शिशाची वजनं कडेला ठोकली, आणि चारही चाकांत तेहतीसची हवा भरली. जुने टायर मागच्या ढिगावर गेले.

पुढच्या रविवारी आईला घेऊन निघालो. गतिरोधकांवर तिचा हात पूर्वीसारखाच सीटवर टेकत होता. चाक बदललं म्हणून तीस वर्षांची सवय जात नाही. फाट्यानंतरच्या तुकड्यावर मी गाडी विसाच्या पुढे नेली नाही. गोटे रबराखालून चुळबुळ करत सुटत होते, त्यांचा आवाज आत ऐकू येत होता, पण वर काही येत नव्हतं.

फलटणच्या अलीकडे चहाला थांबलो होतो, त्या हॉटेलच्या दारात बैलगाडीची दोन चाकं सिमेंटमध्ये रोवून उभी केली आहेत. त्यांना लाल-पिवळा ऑइलपेंट दिलाय आणि आऱ्यांवर दिव्यांच्या माळा सोडल्यात. माणसं त्यांच्यापुढे उभी राहून फोटो काढतात. चाकं छान दिसत होती. पण त्यांची धाव जमिनीच्या आत गेली होती.

आबांच्या गाडीचं एक चाक आमच्या गोठ्याच्या भिंतीला अजून टेकून आहे. दुसऱ्याचं काय झालं, कुणाला माहीत नाही. संध्याकाळी लेकीनं आजीच्या शिवणाच्या डब्यातली टेप आणली आणि आम्ही ते मोजलं. चार फूट आठ इंच. तुंब्याला वाळवी लागलीय, एक आरा तुटलाय. धाव मी दोन्ही हातांनी हलवून पाहिली. हलली नाही.